बिऱ्हाड आणि विश्वास : भिवंडीत ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

2011च्या जून महिन्यात आम्ही भिवंडीत आलो तेव्हा आमच्याबरोबर दोन ट्रंका, एक शेगडी, चार वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि राहुरी तालुक्यातल्या आमच्या पाळकांनी दिलेले एक पत्र होते. हे कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद आहे, ते जिथे जाईल तिथल्या मंडळीने त्याला आपले मानावे, असा त्या पत्राचा मजकूर होता. नवऱ्याला माणकोलीच्या एका गोदामात हिशेबाचे काम लागले होते. मला काम नव्हते. ते पुढे एका कनिष्ठ महाविद्यालयात मिळाले. निघताना गावातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली होती : विश्वास ठेवा, प्रभू सोय करील.

पहिल्या घरमालकाने आडनाव विचारले. आमचे आडनाव चार-पाच जातींत सापडते, त्यामुळे त्याने गाव विचारले. गावावरूनही उलगडा होईना, तेव्हा त्याने देव विचारला. उत्तर ऐकल्यावर त्याला आठवले की खोली कालच दुसऱ्याला दिली आहे. दुसऱ्याने कौतुकाने विचारले, ‘‘ख्रिश्चन म्हणजे गोव्याचे ना? मग इतके चांगले मराठी कसे बोलता?’’ भाडे मात्र त्याने दीडपट सांगितले. तिसऱ्याने डिपॉझिट मोजून घेतले आणि काहीही न विचारता किल्ली दिली. आम्ही सामान उतरवले तोवर नळाची वेळ संपून गेली होती. समोरच्या दारात एक बाई उभ्या होत्या. सासूबाईंनी त्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ‘‘सलाम, बाई’’ म्हटले. नगरकडचे मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलामच करतात. त्या बाईंनी ‘‘वालेकुम सलाम’’ म्हणून आत जाऊन पाण्याने भरलेली कळशी आणून दिली. पुढचे दोन दिवस त्या आम्हाला आपल्यातलेच समजत होत्या. तिसऱ्या दिवशी खरे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की सासूबाईंनाही हसू आवरेना.

ही कळशी मी विसरले नाही, त्याला एक वाङ्मयीन कारण आहे. सासूबाईंच्या ट्रंकेत तीन पुस्तके होती : बायबल, ‘उपासना संगीत’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. मराठीची विद्यार्थिनी म्हणून हे तिसरे पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचले होते, एकदा परीक्षेसाठी आणि एकदा आवडले म्हणून. भिवंडीतल्या पहिल्या पावसाळ्यात मी ते तिसऱ्यांदा वाचले, आणि आपण आजवर ते एका ठरावीक बाजूनेच वाचत आलो असे मला वाटू लागले. त्या वाटण्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुस्तक कोणत्या नावाने ओळखावे?

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांच्या कोणत्याही चर्चेत त्याचे नाव पहिल्या दोन-तीनांत येते. त्याविषयी जे लिहिले गेले त्याचे ढोबळमानाने तीन प्रवाह दिसतात. एक प्रवाह ते धर्मांतराची हकिगत म्हणून वाचतो. दुसरा ते कवी ना. वा. टिळकांच्या चरित्राचे साधन मानतो. तिसरा, अलीकडचा आणि अधिक न्याय्य प्रवाह त्यात एका कणखर, विनोदी आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीचा आवाज ऐकतो.

इंग्रजी अनुवादांची शीर्षके पाहिली की हे प्रवाह सहज लक्षात येतात. जोसेफिन इन्क्स्टर यांनी केलेला अनुवाद 1950 साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने निघाला. म्हणजे ही मागून चालत येणारी बाई. त्यांच्याच अनुवादाचे दुसरे नाव ‘फ्रॉम ब्रह्मा टू क्राइस्ट’. म्हणजे एका देवाकडून दुसऱ्या देवाकडे झालेला प्रवास. 2017 साली शांता गोखले यांनी केलेल्या समग्र अनुवादाच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई ‘स्पिरिटेड वाइफ’ झाल्या. बाई तेजस्वी ठरली, पण पत्नीच राहिली. यातले एकही नाव खोटे नाही. तरीही या सगळ्या नावांतून एक गोष्ट निसटते, आणि ती पुस्तकाच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे : बिऱ्हाड.

बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे. घर आपले असते, बिऱ्हाड थाटावे लागते. ते करायचे, मोडायचे, हलवायचे, पाठीवर घेऊन फिरायचे असते. या शब्दातच भाडे, शेजार, उसनी विरजणे आणि उद्याची अनिश्चितता आहे. जलालपूर, नाशिक, मुरबाड, नागपूर, पंढरपूर, अहमदनगर, सातारा, मुंबई, कराची, ही लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली गावे नुसती एका ओळीत मांडली तरी ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले नव्या गावात राहायला जाण्याविषयीचे एक थोर पुस्तक आहे हे ध्यानात येते. माझे म्हणणे असे की, त्यातला विश्वास समजून घ्यायचा तर तो या बिऱ्हाडांच्या क्रमात ठेवून वाचला पाहिजे.

आधी बिऱ्हाड, मग बाप्तिस्मा

लक्ष्मीबाईंचे पहिले घर सोवळ्याचे होते. 1857च्या धामधुमीनंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर शुद्धाशुद्धतेचे भूत बसले, हा पुस्तकाचा आरंभ मराठी वाचकाला परिचित आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय त्या घराचा उंबरा ओलांडत नसे. हा भाग आपण विनोद म्हणून वाचतो, आणि लक्ष्मीबाईंनी तो तसाच सांगितला आहे. पण बिऱ्हाडाच्या दृष्टीने पाहिले तर हे घराच्या एका कल्पनेचे टोक आहे : जे बाहेरचे काहीच आत येऊ देत नाही ते घर.

त्यानंतर वयाच्या अकराव्या वर्षी लग्न, आणि घराच्या अगदी उलट टोकाशी गाठ. टिळकांना एका जागी राहणे जमत नव्हते. ते नोकऱ्या धरत आणि सोडत, न सांगता निघून जात, आणि हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकत. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला असतानाचा काळ थोडा स्थिर गेला. तेथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन ओढले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा विश्वास प्रवासात सापडला, ही केवळ चरित्रातली एक नोंद नव्हे. त्या विश्वासाचा स्वभाव शेवटपर्यंत प्रवासीच राहिला.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यानंतर चार-पाच वर्षांची ताटातूट आली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात. आणि मग त्या नगरला नवऱ्याकडे आल्या. हे येणे नीट पाहण्यासारखे आहे. त्या ख्रिस्ताकडे आल्या नाहीत, टिळकांकडे आल्या. नगरला सुरुवातीला त्यांचे सोवळे, पाणी आणि स्वयंपाक वेगळाच होता. ज्या गावात अमेरिकन मिशन 1831पासून होते, जिथून 1842 साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, जिथे ख्रिस्ती वस्ती, शाळा, दवाखाने सगळे उभे होते, त्या गावात ही बाई आपल्या चुलीभोवती जलालपूरची रेघ ओढून राहिली. बाप्तिस्मा झाला 1900 साली, तोही जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःच्या मनाशी, स्वतःच्या पद्धतीने पटल्यानंतर. आधी पाण्याची रेघ पुसली गेली, मग बाप्तिस्म्याचे पाणी आले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा सर्वसाधारण साचा याच्या उलट आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’मध्ये आधी वाचन, शंका, वाद, मग निश्चय, आणि त्या निश्चयाची किंमत म्हणून घर सुटणे असा प्रवास येतो. विश्वास हे कारण आणि घराचा त्याग हा परिणाम. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात घर मांडण्याची खटपट हे कारण आणि विश्वास हा परिणाम आहे. नव्या गावात कोणाचे पाणी घ्यायचे, कोणाच्या हातचे खायचे, कोणाचे मूल मांडीवर घ्यायचे, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे बदलत गेली आणि त्या बदलाला त्यांनी नंतर ख्रिस्ताचे नाव दिले. पुढे दुष्काळाने, प्लेगने पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. उंबऱ्याबाहेरचे धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी उंबऱ्याबाहेरचे न धुता आत घेऊ लागली. पुस्तकातला धर्मांतराचा खरा पुरावा मला बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा या गर्दीच्या स्वयंपाकघरात दिसतो.

‘विश्वासाने त्यांना परक्या गावात बळ दिले’ असे वाक्य लक्ष्मीबाईंविषयी व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते. नगरच्या पहिल्या दिवसांबाबत ते खरे नाही. त्या दिवसांत त्यांच्याजवळ तो विश्वास नव्हताच. परक्या गावाने त्यांना तो दिला.

यिर्मया आणि इब्री

बायबलमध्ये परक्या नगरात राहण्याविषयी दोन वेगळे सूर आहेत. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पाठवलेले पत्र एकोणतिसाव्या अध्यायात आहे. परत जाण्याची घाई करू नका, घरे बांधून राहा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात नेऊन टाकले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय. दुसरा सूर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा : विश्वासणारे पृथ्वीवर परके आणि प्रवासी आहेत, त्यांचे कायमचे नगर इथे नाहीच. दोन्ही वचने आमच्या उपासनांत वाचली जातात, आणि त्यांच्यातला ताण सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

टिळक दांपत्य म्हणजे हा ताण एका छपराखाली आणून ठेवलेला आहे. टिळक इब्री पत्राचे. 1912पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते, मिशनमध्ये त्यांना मान होता, तरी 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या आपल्या कल्पनेमागे निघाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळेच ख्रिस्तभक्त त्या दरबारात यावेत असे त्यांना वाटत होते. संस्थेच्या भिंती त्यांना नकोशा झाल्या. दोन वर्षांनी, 1919च्या मे महिन्यात, मुंबईत त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई यिर्मयाच्या. जिथे नेऊन टाकले तिथे चूल मांडायची, शेजार जोडायचा, येईल त्याला वाढायचे. नवऱ्याने मोडलेले प्रत्येक बिऱ्हाड त्यांनी पुन्हा लावले. वाङ्मयातही हेच घडले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी आरंभले आणि थोड्या प्रकरणांवर सोडून ते गेले. त्यातली बहुतेक प्रकरणे लक्ष्मीबाईंनी लिहिली. तिला लिहायला-वाचायला शिकवणाऱ्याचे अर्धे राहिलेले घर तिने पुरे केले.

टिळकांवर मात्र अन्याय होऊ नये. त्यांना एक बिऱ्हाड फार उत्तम थाटता आले : भाषेचे. लहानपणी काही वर्षे ते भिवंडीच्या शेजारच्या कल्याणात शिकले, नंतर नाशकात संस्कृत शिकले, आणि अभंग-ओवीचे संस्कार घेऊनच ते ख्रिस्ती झाले. परदेशी चालींत अवघडून बसलेल्या ख्रिस्ती भजनाला त्यांनी अभंग, ओवी, साकीत आणून बसवले. आज राहुरीच्या एखाद्या वाडीत म्हातारी बाई जात्यावरच्या ओवीसारखे जे ख्रिस्ती पद गुणगुणते ते बहुधा टिळकांचे असते. भिवंडीत पहिल्या वर्षी आमच्या खोलीत सासूबाई रात्री तेच म्हणायच्या. त्या खोलीत ओळखीचे असे तेवढेच होते.

तिसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे. त्यांनी नव्या गावात जागा शोधली नाही, गावच नवे वसवले. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर 1896-97च्या दुष्काळात आणलेल्या मुलींसाठी ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. शेती, शाळा, छापखाना सगळे तिथे होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. हे काम अचाट आहे. पण ज्याला मिशनचे कंपाउंड माहीत आहे त्याला वसाहतीची दुसरी बाजूही माहीत असते. कंपाउंडात विश्वास आणि निवारा एकाच दाराने मिळतात. त्या दाराबाहेर पडलेल्या माणसाला दोन्ही एकदम सुटल्यासारखे वाटते. आमच्यासारखी माणसे जेव्हा कंपाउंडातून भिवंडीला येतात तेव्हा ती रमाबाईंच्या नव्हे, लक्ष्मीबाईंच्या परिस्थितीत असतात. फक्त उलट बाजूने.

पाण्याची दुसरी बाजू

‘उलट बाजूने’ हा शब्द मी जपून वापरला आहे, आणि माझा या थोर पुस्तकाशी असलेला वाद त्यातच आहे.

नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आले. माझे पणजोबा त्यांतले. लक्ष्मीबाईंनी पाण्याची रेघ पुसली तेव्हा त्या ज्यांच्या हातचे पाणी प्यायला तयार झाल्या, ती माणसे म्हणजे आम्ही. त्या प्रसंगाची महती सांगताना समीक्षक नेहमी पिणाऱ्याच्या घशातली धडधड मोजतात. पाणी देणाऱ्याच्या हाताला काय वाटले हे पुस्तकात नाही, आणि त्याविषयी कोणी विचारलेलेही नाही. लक्ष्मीबाईंचा धर्म त्यांना उंच ओट्यावरून खाली उतरायला शिकवतो. उतरताना तोल जातो, फजिती होते, आणि त्या फजितीवर स्वतःच हसता येते. ‘स्मृतिचित्रे’चा विनोद त्या उतरण्यातून आला आहे. ज्याला ओटाच नव्हता त्याला तो विनोद कसा सुचावा?

आमचा प्रश्न कोणाचे पाणी घ्यावे हा कधीच नव्हता. आमच्याकडून कोण घेईल, आम्हाला खोली कोण देईल, हा होता. शहरात येताना आडनाव पुसट होईल अशी आशा असते. बाप्तिस्म्याने नाव बदलते, पण शेजाऱ्यांच्या लेखी जात जागची हलत नाही. सरकारदरबारी मात्र ती हलते. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली मिळाला. म्हणजे घरमालकाच्या दारात आम्ही जुनेच असतो आणि कचेरीच्या खिडकीपाशी नवे.

या अनुभवाचे मराठी पुस्तक कोणते? याच नगर जिल्ह्यातून, त्याच समाजांपैकी एकातून मुंबईला आलेल्या माणसाचे सर्वांत मोठे पुस्तक दया पवारांचे ‘बलुतं’ (1978). त्यात धामणगाव आहे आणि मुंबईतला कावाखाना आहे. खोली, नळ, शेजार, लाज सगळे आहे. पण त्याच्या विश्वात ख्रिस्ती मंडळी नाही. त्याची वाट आंबेडकरी चळवळीच्या बाजूने जाते. ‘स्मृतिचित्रे’त मंडळी आहे, पण पाहणारी दृष्टी ओट्यावरून उतरलेल्या बाईची आहे. नगरच्या दलित ख्रिस्ती कुटुंबाचे शहरात येणे या दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत पडलेले आहे. आमच्या मंडळीत साक्ष देण्याची प्रथा आहे. उभे राहून माणसे सांगतात : खोली नव्हती, प्रार्थना केली, खोली मिळाली. साक्षीत मधले तीन घरमालक गाळले जातात. समोरची कळशीही गाळली जाते. साक्षीचा हा साचा आमच्या लेखनातही उतरला, आणि त्यामुळे फट बुजली नाही.

मग लक्ष्मीबाईंना बाजूला ठेवावे का? मला तसे वाटत नाही. त्यांचे पुस्तक साक्षीच्या साच्यात बसत नाही हेच त्याचे बळ आहे. टिळकांचा राग, आपला हट्ट, नगरला येतानाचे सोवळे, यातले काहीही त्यांनी विश्वासाची शोभा वाढावी म्हणून गाळलेले नाही. कोणत्या दिवशी आपल्यापाशी विश्वास नव्हता हे सांगायची त्यांना लाज वाटत नाही. आम्हाला त्यांच्याकडून घ्यायचे ते हे. ओटा त्यांचा होता, पण प्रामाणिकपणा कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

भिवंडीत

भिवंडी हे आल्या-गेल्यांचेच शहर आहे. उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर इथे आले, तेलंगणातले पद्मशाली आले, हातमागाचे यंत्रमाग झाले. आता कोकणी आणि आगरी गावांच्या शेतजमिनींवर गोदामांची रांग लागली आहे. 1970 आणि 1984च्या दंगलींच्या खुणा इथल्या वस्त्यांच्या रचनेत अजून वाचता येतात. कोणती गल्ली कुठे संपते हे नवख्याला कोणीतरी हळूच सांगते. मागावर काम करणारी एकटी माणसे ज्या खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवतात तिला इथे बिसी म्हणतात. बऱ्याच बिस्या बायका चालवतात. घरापासून शेकडो मैलांवर आलेल्या माणसाचे बिऱ्हाड दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवर उभे असते, ही गोष्ट हे शहर रोज दोन वेळा सांगत असते.

पाळकांचे पत्र माझ्या ट्रंकेत अकरा महिने पडून होते. ते कोणाला द्यावे हे कळत नव्हते. रविवारी आम्ही कधी बसने कल्याणला उपासनेला जायचो, कधी जायचो नाही. खरे सांगायचे तर त्या वर्षी मला प्रार्थना करता आली नाही. शब्द तोंडात यायचे आणि मागांच्या खटखटीत विरून जायचे. मला सांगितले होते की विश्वास आधार देईल. आधार दिला तो समोरच्या बाईंनी, पाण्याची वेळ, स्वस्त भाजीची जागा आणि तापावरचा डॉक्टर सांगून. माझा विश्वास कमी पडला असे मी मनाला बजावत होते आणि आतून चिडत होते.

त्या चिडीतच मी नगरचा भाग पुन्हा वाचला, आणि लक्ष्मीबाई तिथे माझ्याइतक्याच कोरड्या दिसल्या. तेव्हा कुठे सुटल्यासारखे वाटले. विश्वास ट्रंकेत घालून आणायची वस्तू नसेल, नव्या गावातल्या देण्याघेण्यातून तो हळूहळू परत जमवावा लागत असेल, तर माझे काही हरवले नव्हते. यिर्मयाच्या पत्राचाही मला मग वेगळा अर्थ लागला. तो बंदिवानांना आधी घरे बांधायला सांगतो, नगरासाठी प्रार्थना करण्याची गोष्ट नंतर येते. हा क्रम मी इतकी वर्षे नुसता ऐकला होता.

पुढे आमच्याच खोलीत दर शुक्रवारी पाच-सहा कुटुंबे प्रार्थनेला जमू लागली. एक तेलुगू, एक मल्याळी, दोन नगरकडची, एक जालन्याकडचे. भाषा एक नसल्याने प्रार्थना हिंदी-मराठीच्या मिसळीत चालते. पहिल्या शुक्रवारी मी ते पत्र काढून वाचून दाखवले. ज्या मंडळीच्या नावे ते लिहिले होते ती मंडळी म्हणजे खोलीत बसलेली माणसेच, असे सासूबाईंनी ठरवून टाकले. समोरच्या बाईंनी त्या दिवशी चहासाठी जास्तीचे कप दिले आणि गाणे संपल्यावर विचारले की ते ओवीसारखे गाणे कोणाचे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या टिळकांचं.’’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘त्यांच्या बायकोनं लई सोसलं.’’

माझ्या वर्गात मागवाल्यांच्या, हमालांच्या, गोदामातल्या कारकुनांच्या मुली असतात. ‘स्मृतिचित्रे’तला उतारा शिकवताना मी आता बाप्तिस्म्यापाशी थांबत नाही. तुम्ही या गावात आलात त्या दिवशी पहिले पाणी कोणी दिले, एवढे लिहून आणा म्हणते. बहुतेकींना ते स्वतः आठवत नाही, त्या आईला विचारतात. आयांना सगळे आठवत असते. काही आया असेही सांगतात की त्या दिवशी पाणी कोणी दिले नाही, आणि मुली तेही लिहून आणतात. त्या वह्या वाचताना मला वाटते की ‘बलुतं’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांच्यामधल्या फटीतले पुस्तक इथूनच कुठून तरी यायचे आहे. ते लिहिणारी मुलगी ख्रिस्ती असेलच असे नाही. तिने मधले तीन घरमालक गाळू नयेत, एवढे पुरे.